यादीतले एकतीस दगड

दफनभूमीच्या फाटकासमोर दगडांचं एक दुकान होतं आणि नवराबायको दोघंही तिथं राबत. नवरा पाथरवट. तो दगड फोडायचा, घासायचा, कोरायचा. बायको अक्षरं आखायची. गिऱ्हाईक डोळे पुसत मजकूर सांगे. ती कानामागची पेन्सिल काढून आधी कागदावर आणि मग दगडावर तो अशा बेतानं बसवी, की शेवटचं अक्षर कधी कडेला चेंगरलं नाही. त्यामुळे सगळा रस्ता तिला अक्षरवाली म्हणे.

नवरा मोठा थट्टेखोर. "आपल्यासारखा धंदा नाही," तो म्हणायचा. "ज्याच्यासाठी माल बनवतो, तो कधी तक्रार घेऊन येत नाही." पण दगडानं त्याच्यावर तक्रार ठेवली होती. पंचवीस वर्षांची भुकटी छातीत बसली, फुप्फुसं घट्ट झाली आणि शेवटचे चार महिने तो भिंतीला उशी लावून बसल्याबसल्याच झोपायचा. सेहेचाळिसाव्या वर्षी गेला. लेक तेव्हा पंधराची. दिरानं आवारातला एक काळा दगड पुढं आणला. "दादानं स्वतःसाठीच बाजूला काढला होता," म्हणाला. अक्षरवालीनं त्यावर नाव आखलं आणि हातात पहिल्यांदा छिन्नी घेऊन कोरलंही स्वतःच. पुढं दुकान दोघांच्या नावावर चालू राहिलं. दगड आणणं आणि मशीन दिराकडे, अक्षरं आणि छिन्नी तिच्याकडे.

तीन वर्षांनी दुकानात घड्याळजी आले. गावात त्यांना सगळे ओळखत, कारण बाजारातलं मोठं घड्याळ बंद पडलं की त्यांनाच शिडी लावावी लागे. अठ्ठ्याहत्तरीचे, वाकलेले, कोटाच्या खिशात कायम भिंग. त्यांची बहीण वारली होती. त्यांनी एक कागद पुढं केला. त्यावर तीन ओळी होत्या आणि त्यातलं एकही अक्षर ओळखीचं नव्हतं.

"आर्मेनियन आहे," ते म्हणाले. "जसंच्या तसं उतरवा, बाई. वाचता नाही आलं तरी चालेल."

तिनं जसंच्या तसं उतरवलं, असं तिला वाटलं. आठवड्यानं घड्याळजी आले, भिंग काढलं आणि दगडावर वाकले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीवर भिंग थांबलं.

"इथं पायाशी एक आडवी रेघ होती."

तिनं कागद काढून पाहिला. होती. शाई ओघळली असेल असं समजून तिनंच ती सोडली होती.

"त्यानं काय होतं?" तिनं विचारलं.

"नाव बदलतं. ही माझी बहीण नाही."

वीस वर्षांत तिची एक वेलांटी चुकली नव्हती. "दुसरा दगड करून देते, काका. आमच्या खर्चानं."

"राहू द्या." त्यांनी भिंग खिशात टाकलं. "माझ्यामागं ते वाचणार कोण? तुमच्या लक्षात आलं नाही तसं कुणाच्याच येणार नाही."

हे ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. ती रात्रभर तळमळली आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. रेघ पुढं वाढवता येते, हे तिला उमगलं होतं. फक्त किती वाढवायची ते हवं होतं. घड्याळजींनी तिला खुर्ची दिली आणि त्या एका अक्षराऐवजी अडतीसच्या अडतीस काढून दाखवली. दगडावरची चूक दुपारी दुरुस्त झाली. अक्षरांचा नाद मात्र लागला तो लागलाच.

दर रविवारी ती जायला लागली. समोरच्या भिंतीवर बारा घड्याळं, बारांची बारा वेगळी वेळ दाखवणारी, आणि टेबलावर एक जाड वही. ती वही घड्याळजींच्या वडिलांची होती. १९१५ साली तुर्कांनी त्या माणसाच्या गावातून सगळ्या आर्मेनियनांना हाकलून चालवत नेलं, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. आई, दोन बहिणी, आजोबा वाटेतच गेले. कुठं पडले तेही सांगता येत नव्हतं. मुलगा अनाथाश्रमांतून फिरत फिरत या गावात पोचला आणि त्याला कळलं, की इथल्या दफनभूमीच्या एका कोपऱ्यात त्याच्याच भाषेतले दगड आहेत. दोनशे वर्षांपूर्वी व्यापाराला आलेल्या लोकांचे. वंश संपलेले, कुणी न विचारणारे. ज्याच्या स्वतःच्या माणसांवर कुणी मूठभर माती टाकली नाही, त्यानं त्या परक्यांच्या कबरी साफ केल्या, मोजल्या आणि वहीत उतरवल्या. एकेक दगड, त्याचा आकार, नक्षी, मजकूर. एकूण एकशे त्रेचाळीस.

"आइस ए दाबान," घड्याळजी वाचत. "'ही कबर आहे.' जवळजवळ प्रत्येक दगड असाच सुरू होतो. पण दाबान म्हणजे नौकाही. प्रलयात सगळ्यांना वाचवणारी ती मोठी नाव."

"एकच शब्द?"

"एकच. कुणाला वाचवलं म्हणून तसं म्हणतात, ते मात्र विचारू नका."

दीड वर्षात ती अडखळत वाचायला लागली. मग घड्याळजींनीच पत्ता काढला. एक परदेशी विद्यापीठ आर्मेनियन भाषा आणि संस्कृतीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम दूरशिक्षणानं शिकवत होतं. दोन वर्षं आणि शेवटी प्रबंध. अक्षरवालीनं लग्नानंतर घरबसल्या इतिहास घेऊन बी.ए. केलं होतं. ते सर्टिफिकेट पत्र्याच्या पेटीतून बाहेर निघालं. घड्याळजींनी शिफारसपत्र लिहिलं, प्रवेशपरीक्षा झाली आणि नाव लागलं.

दिरानं कपाळाला हात लावला. "वहिनी, फाटकासमोर एवढे मेलेले आहेत, ते पुरत नाहीत म्हणून मेलेली भाषा शिकताय?"

"भाषा मेलेली नाही, भाऊजी. लाखो लोक बोलतात."

"इथं किती बोलतात?"

"एक."

"मग घ्या उरकून," दीर म्हणाला. "तोही पिकलं पान आहे."

दुपारी चारला वर्ग असे. दुकानाच्या मागच्या खोलीत, सिमेंटच्या पोत्यांमागं, लेकीचा जुना लॅपटॉप उघडून ती बसे. पडद्यावर सुरुवातीला पाच चेहरे होते. एक निवृत्त वैमानिक, दोन तरुण, मांडीवर बाळ घेतलेली एक बाई आणि ही. मधोमध शिकवणाऱ्या मॅडम, घरातही ओव्हरकोट घालून बसलेल्या, कारण त्यांच्या इमारतीत हीटर सहसा बंद असे. पहिलं सत्र इंग्रजीतून झालं, पुढं सगळं आर्मेनियनमधून. व्याकरणानं घाम फोडला. नामाला सात विभक्त्या, जुनी ग्रंथातली भाषा वेगळी, आजची वेगळी, आणि आजचीही पूर्वेची वेगळी नि पश्चिमेची वेगळी. घड्याळजींचं 'दाबान' मॅडमच्या तोंडी 'तापान' होई. दिराचं कटर सुरू झालं की विभक्ती काय, काहीच ऐकू येत नसे. वर्षअखेरीला बाळवाली बाई आणि दोन्ही तरुण गळाले. उरला वैमानिक आणि ही.

एका गोष्टीत मात्र ती सगळ्यांच्या पुढं होती. क्रूस कोरलेल्या उभ्या शिळांचा विषय निघाला, की मॅडम तिलाच विचारत. ही जाळी आधी कोरली की कड? कारागीर डावखुरा होता का? फोटो मोठा करून ती छिन्नीच्या घावांची दिशा बघे आणि सांगे. एकदा मॅडम लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, "हे आमच्या पुस्तकांत कुठंच नाही." त्या दिवशी ती खुशीत घरी गेली. लेकीला सांगितलं, तर लेक म्हणाली, "छान. आता जेवायला वाढ." पण तीही हसत होती.

प्रबंधाचा विषय ठरलेलाच होता. दफनभूमीतला तो कोपरा. वही घेऊन ती काटेरी झुडपांत शिरली. ब्रश, पाण्याची बाटली, कागद, कोळसा. वर्षही अक्षरांतच कोरलेलं असे. एक अक्षर हजाराचं, एक दोनशेचं, एक पन्नासाचं. त्या बेरजेत पाचशे एक्कावन्न मिळवले की आपलं साल निघे. १८०१, १७९४, १८२३. तिनं सबंध हिवाळा घातला. मोजणी झाली तेव्हा दगड भरले एकशे बारा.

तिनं पुन्हा मोजले. एकशे बाराच.

"खचले असतील जमिनीत," घड्याळजी म्हणाले. "गुडघे गेल्यापासून मी आत गेलोच नाही. बाबा असते तर त्यांना कळलं असतं."

तिनं पहारीनं जमीन चाचपली. खाली काही नव्हतं. जिथं दगड हवा, तिथं आयताकृती खळगे होते आणि खळग्यांत गवत वेगळ्या रंगाचं. दगड असे आपण होऊन चालत जात नाहीत, हे पाथरवटाच्या बायकोला कुणी सांगायला नको होतं. तरी तिचं मन त्या बाजूला वळेना. माणसाला जे दिसायला नको असतं, ते डोळ्यांपुढं असलं तरी दिसत नाही.

दिसलं ते एका सकाळी, कपडे धुताना. घराच्या मागं धुण्याचा दगड होता, लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्यानं आणून बसवलेला. साबण निसटला, दगडाच्या कडेखाली गेला. तो काढायला तिनं हात घातला आणि बोटांना खालच्या अंगाला काहीतरी लागलं. वळणदार. पीळ घातलेल्या दोरीसारखं. ही नक्षी त्या हिवाळ्यात तिनं शंभर वेळा कागदावर घासून घेतली होती.

तिनं बादली बाजूला केली. पहार आणली. दगड उभा करायला तिला अर्धा तास लागला. खालच्या चिखलावर पाणी ओतलं, तशी अक्षरं उघडी पडली. आइस ए तापान. खाली बापाचं नाव, मुलीचं नाव, 'वय वर्षं नऊ'. वहीत क्रमांक अठ्ठावन्न. त्या दगडावर तिनं चौदा वर्षं कपडे आपटले होते.

ती तशीच ओल्या लुगड्यानं दुकानात गेली. दीर मशीनला तेल घालत होता.

"भाऊजी, धुण्याचा दगड कुठून आणला होता?"

त्यानं वर बघितलं नाही. त्यावरूनच तिला कळलं.

"वहिनी, आता उकरून काय उपयोग? खाण बंद होती ती दोन वर्षं आठवतात? माल नाही, गिऱ्हाईक दारात. आपले हात दगडाखाली होते."

"म्हणून दुसऱ्यांचे दगड उचललेत?"

"दादा म्हणाला, ज्यांना रडायला कुणी नाही त्यांना दगड कशाला. पहाटे जायचो आम्ही दोघं. वॉचमन सामील होता, तोही मेला आता. वरचं घासून टाकायचं, नाहीतर उलटं करून पाठीवर नवं नाव."

"मला कधी..."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?" दीर आता सरळ तिच्याकडे बघत होता. "नावं तर सगळी तुम्हीच आखलीत."

तिला आठवत होतं. एका दगडाच्या कडेला उरलेली अर्धी वेल, दुसऱ्याच्या पाठीवर शेवाळ. नवीन दगडाला शेवाळ कसं, हा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता आणि तिनं तो गिळला होता, कारण घरात त्या महिन्यात हसणं-बोलणं परत आलं होतं आणि तिला ते घालवायचं नव्हतं.

"किती?" तिनं विचारलं.

"तीसएक. दादाचा धरून."

"त्यांचा म्हणजे?"

"काळा दगड दुसरीकडे कुठं मिळतो, वहिनी?"

नवऱ्याची कबर कुंपणाच्या भिंतीला लागून होती. दगड आणि भिंत यांच्यात जेमतेम चार बोटांची फट. तिनं मोबाइल आत सरकवून फोटो काढले. पहिले दोन काळे आले, तिसऱ्यात अक्षरं होती. वहीतला क्रमांक एक. त्या कोपऱ्यातला सगळ्यात जुना दगड, ज्याच्या सालाची अक्षरं वहीत ओल लागून पुसली होती आणि ते साल सापडावं म्हणून ती आणि मॅडम तीन महिने झुरत होत्या. पुढच्या बाजूला तिच्या स्वतःच्या हातची छिन्नी, तिच्या नवऱ्याचं नाव, मधोमध नीट बसवलेलं.

पुढच्या रविवारी ती घड्याळजींकडे गेली. आडवळण न घेता सगळं सांगितलं. ते एका घड्याळाचा काटा बसवत होते. चिमटा हळूच खाली ठेवला.

"अठ्ठावन्नवर काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

तिनं म्हणून दाखवलं. तिचे उच्चार आता चांगले झाले होते.

"या मुलीच्या कबरीपाशी बाबा मला न्यायचे," ते म्हणाले. "त्यांची धाकटी बहीणही नऊच वर्षांची होती. तिला जागा नव्हती, म्हणून ते हिलाच फूल ठेवायचे."

"काका, मी तो दगड परत नेऊन ठेवते. उद्याच. बाकीचेही जेवढे सापडतील तेवढे."

"तुम्हाला वाचायला मीच शिकवलं ना?"

"हो."

"आणि तुम्ही माझ्याकडे येऊन, माझ्याच बाबांची वही मांडीवर घेऊन, इतकी वर्षं त्या दगडांची नावं पाठ करत होतात."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला माहीत करून घ्यायचं नव्हतं," घड्याळजी म्हणाले. आवाज चढला नाही. "वहीचे फोटो तुमच्याकडे आहेत. प्रबंध पुरा करा. पण इथं परत येऊ नका, बाई."

ती उठली. दारापर्यंत जाताना भिंतीवरची दोन-तीन घड्याळं वाजली, एकाही वेळेशी न जुळणारी. पुन्हा त्या घरात तिनं पाऊल ठेवलं नाही. दोनदा दारापर्यंत गेली, दोन्ही वेळा आत दिवा होता आणि दार उघडलं नाही. पाच महिन्यांनी घड्याळजी गेले. शेजारच्या औषधवाल्यानं सगळं पार पाडलं. त्यांनी त्याला बजावून ठेवलं होतं, की दगड फाटकासमोरच्या दुकानातून आणायचा नाही. बाहेरगावाहून मशीननं कापलेला, गुळगुळीत, राखाडी दगड आला. नाव गावातल्या साध्या लिपीत, तेवढंच. अक्षरवाली लांब झाडाखाली उभी राहून बघत होती. त्यांच्या भाषेत दोन ओळी कोरू शकेल असं गावात एकच माणूस होतं आणि त्यालाच मनाई होती.

या पाच महिन्यांत तिनं नवं प्रकरण लिहून काढलं होतं. 'हरवलेले दगड.' जुनी हिशेबाची पुस्तकं, तिच्या आखणीचे जपून ठेवलेले कागद आणि दफनभूमीतली रजिस्टरं ताडून तिनं एकतीसपैकी बावीस शोधले. कुठला दगड कुणाच्या नावाखाली आहे, कुठला घासला गेला, कुठला फुटला. धुण्याचा दगड. नवऱ्याची कबर. कुणी नेले, कुणी आखले.

मॅडमनी ते वाचून एरवीच्या वेळेच्या आधीच कॉल लावला. ओव्हरकोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती.

"हे प्रकरण नसलं तरी तुमचा प्रबंध उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "एकशे बारा शिलालेख पुरेसे आहेत. हे छापलं तर तुमचं काय होईल, याचा विचार केलात?"

"केला."

"निदान 'माझे पती' असं लिहू नका. 'एक स्थानिक कारागीर' लिहा."

"मग मी काय लिहू? 'एक स्थानिक बायको'?"

मॅडमनी मग फक्त पान एकोणनव्वदवरची एक विभक्ती चुकल्याचं सांगितलं आणि ती कशी हवी ते सांगितलं.

खरी परीक्षा घरात झाली. लेक तेव्हा बावीसची, बँकेत नुकती लागलेली. तिनं प्रकरण वाचलं नाही, वाचता येणार नव्हतंच. आईनंच जेवणं झाल्यावर सांगितलं.

"बाबांचं नाव घालणार तू?"

"घालावं लागेल."

"कुणी मागितलंय? ते म्हातारे गेले. त्या दगडांना कुणी नाही. आपल्याला मात्र सगळे आहेत, आई. मला उद्या बँकेत जायचंय."

"त्या दगडांना कुणी नाही, असंच तुझे बाबाही म्हणाले होते."

"चार महिने मी त्यांना पाठीवर हात फिरवून झोपवलंय," लेक म्हणाली. "एकदा मेले ते. आता तू त्यांना परत मारणार आहेस."

ती आठ दिवसांत काकाकडे राहायला गेली. दिराच्या घरात तिला जागा होती आणि दिराला तिचा खरोखर लळा होता. वाईट माणूस नव्हता तो. इतकंच, की त्याला जिवंत माणसांपलीकडे काही दिसत नसे.

तोंडी परीक्षा पडद्यावर झाली, तिघे परीक्षक, तासभर प्रश्न. शेवटी एकानं विचारलं, की हरवलेल्या दगडांवरच्या नव्या नावांची अक्षररचना उत्तम आहे असं तुम्ही नोंदवलंय, ही टिप्पणी प्रबंधात का? ती म्हणाली, "अक्षरं माझी आहेत. चांगली आहेत, म्हणूनच कुणाला संशय आला नाही." परीक्षकानं मान खाली घालून काहीतरी लिहिलं. ती पास झाली, विशेष श्रेणीत. वैमानिकानं अभिनंदनाचा मेल पाठवला. गावात पेढा द्यावा असं कुणी उरलं नव्हतं.

प्रबंधाची एक प्रत तिनं नियमाप्रमाणे, गावच्या भाषेतला सारांश जोडून, नगरपालिकेला दिली आणि मग व्हायचं ते झालं. बातमी फुटली. लोक आपापल्या माणसांच्या कबरीपाशी जाऊन दगडांच्या पाठी चाचपू लागले. ज्यांचे दगड चोख होते, तेही. एका माणसानं आईचा दगड हातगाडीवर घालून आणला आणि दुकानासमोर घणानं फोडला, घाम पुसत, एकही शब्द न बोलता. त्याच्या आईच्या नावाचे आणि मागच्या व्यापाऱ्याच्या नावाचे तुकडे एकत्रच रस्त्यावर पडले. दिरानं मशीन उचलून दुसऱ्या गावी नेलं. पोलिसांनी अक्षरवालीला दोन दिवस बसवून जबाब घेतला. मुख्य आरोपी मयत, वॉचमन मयत, दिराला जामीन, हिच्यावर खटला चालू. तारखा पडत राहिल्या. नगरपालिकेच्या ज्या साहेबानं कोपऱ्यातले दगड गोदामात हलवायचा हुकूम काढला, त्यानं कारण लिहिलं, 'सुरक्षिततेसाठी.' एकशे बाराही जागेवरून उठले. हे तिच्या प्रबंधानंच केलं, हे तिला ठाऊक होतं.

तिला रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी घडी करायचं काम मिळालं. तिथल्या डॉक्टरनं फुकटात छातीचा फोटो काढून दिला. नवऱ्याच्या फोटोत दिसलेला धुक्यासारखा पांढरा पट्टा तिच्याही फोटोत होता, जरा खालच्या बाजूला. छिन्नीला पुन्हा हात लावायचा नाही, डॉक्टर म्हणाले.

तिनं लावला. धुण्याचा आणि नवऱ्याचा दगड वगळून उरलेल्या वीस कुटुंबांना तिनं पत्रं टाकली होती, की जुना दगड सोडा, मी खाणीतला नवा दगड आणून तुमच्या माणसाचं नाव पुन्हा कोरून देते. बारांनी उत्तर दिलं नाही. तिघांनी दारात येऊन शिव्या घातल्या. पाच जण हो म्हणाले. तोंडाला ओलं फडकं बांधून, दगडावर पाणी मारत मारत, सुट्टीच्या दिवशी एकेक करत तिनं चार पुरे केले. पाचव्याच्या मध्यावर तिला अंगणात धाप लागली ती उतरेना. शेजाऱ्यांनी तिला तिच्याच धुलाईखान्याच्या रुग्णालयात नेलं आणि लेकीला फोन केला.

लेक बँकेतून परस्पर आली. गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. दीड वर्षानं मायलेकी समोरासमोर येत होत्या. आईच्या नाकाला नळी होती. लेक स्टुलावर बसली, उठली, उशी भिंतीला टेकवून तिला उंच केलं आणि पाठीवरून हात फिरवायला लागली. हात आपोआपच जाणतो तसा, खालून वर.

हात फिरवता फिरवता लेक म्हणाली, "अंगणात दगड पडलाय अर्धा."

"हो."

"किती अक्षरं राहिलीत?"

"अकरा."

"मी नाही करणार, आई. मला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"आणि बाबांचं मी विसरलेले नाही."

"नको विसरूस," अक्षरवाली म्हणाली आणि पुन्हा खोकला आला. लेकीनं भांडं पुढं धरलं, तोंड पुसलं, आणि नर्सनं रात्रीपाळीच्या नोंदवहीत सोबतीला कोण थांबणार असं विचारलं, तेव्हा स्वतःचं नाव सांगितलं.